हितसंबंध

आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा बँकेत होते, आणि बँकेत असण्यापेक्षा जास्त बँकेच्या संघटनेत होते. नागपूर, रायपूर, मग कोलकाता, जिथे बदली होईल तिथे भांड्यांच्या खोक्यांबरोबर पत्रकांचे गठ्ठेही यायचे. आई त्यांच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहायची. मी जोडाक्षरं शिकले ती 'धिक्कार', 'संघर्ष' आणि 'विश्वासघात' या शब्दांवरून. शाळेच्या निबंधात 'माझी आई' या विषयावर मी आईच्या तीन प्रमुख मागण्या लिहिल्या होत्या, हे आई अजून पाहुण्यांना सांगते.

पत्रकाची एक चाल असते. आधी अन्याय, मग त्यामागचा माणूस, मग त्या माणसाचे हितसंबंध आणि शेवटी मागणी. मी पुढे जे जे लिहिलं त्यात ही चाल कुठेतरी असतेच. 'आमचं चुकलं' हे वाक्य त्या चालीत कुठे बसवायचं हे मात्र मला कोणी शिकवलं नाही. बाबांनाही ते कधी लागलं नसावं.

इथल्या, कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात निम्मी घरं बदलीवर आलेल्यांची. बँकवाले, सरकारी कंपन्यांतले, केंद्र सरकारच्या कार्यालयांतले. ते येतात, तीन-चार वर्षं राहतात आणि जाताना कुंड्या आणि पुरणयंत्र पुढच्या घराला देऊन जातात. उरलेली घरं न्यू टाउनमधली, आयटीतली. ती सणांना गाडी काढून येतात. या सगळ्या ये-जा करणाऱ्यांत एक गृहस्थ मात्र हलले नव्हते. बजबजच्या तेलाच्या डेपोत बदलीवर आले, तिथूनच निवृत्त झाले आणि बेहालात आमच्यापासून दोन बसथांब्यांवर घर घेऊन राहिले. त्यांना लहानथोर सगळे नुसतं काका म्हणतात.

मंडळाच्या गणपतीची मूर्ती आणायचं काम काकांचं. ते त्यांना कोणी दिलं नव्हतं आणि कोणी काढूनही घेतलं नव्हतं. आषाढात, रथयात्रेच्या सुमारास ते कुमारटुलीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, त्यांच्या ठरलेल्या मूर्तिकाराकडे जात. इथला गणपती म्हणजे दुर्गेच्या कुटुंबातला एक मुलगा. आपला एकटाच पाटावर बसणारा, घरचा कर्ता. हा फरक त्या मूर्तिकाराच्या हातात उतरायला काही वर्षं गेली, असं काका सांगायचे. डोळे रंगवायच्या दिवशी ते तिथे दुपारभर बसून राहत. नाहीतर डोळे लांब होत कानापर्यंत जातात, म्हणायचे. "आपल्या बाप्पाने समोर बघायचं. तिरकं बघायला आपण आहोत की."

दोन वर्षांपूर्वी मी या कामाविरुद्ध पत्रक काढलं.

पुण्यातल्या मैत्रिणींनी त्यांची पत्रकं मला पाठवली होती. प्लास्टरच्या मूर्ती, मेलेले मासे, फेसाळलेलं पाणी. वाचून माझं रक्त उसळलं. मी एका बैठकीत 'नदीची हत्या थांबवा' लिहून काढलं. खरं तर लिहिलं म्हणणं जास्त होईल. मुळा-मुठा होतं तिथे मी गंगा घातलं. मागण्या दोन: या वर्षी मूर्ती महाराष्ट्रातून, खात्रीच्या शाडूची मागवावी, आणि यापुढे मूर्ती ठरवायला एक माणूस न जाता दोघांची समिती जावी. कुमारटुली आमच्या घरापासून बस, मेट्रो आणि थोडं चालणं एवढ्या अंतरावर. तिथली मूर्ती कशाची असते ते एकदा जाऊन बघावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

बैठकीत मी पत्रक वाचून दाखवलं. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, पण इथली मूर्ती मातीचीच असते. आत पेंढा, वर गंगेची माती. भाजतही नाहीत. तुझा शाडू म्हणजे हिचाच चुलतभाऊ."

"काका, विकणारा प्रत्येक जण मातीचीच आहे म्हणतो."

"मी विकत नाही गं बाई. मी उचलून आणतो."

खोली हसली. साधंच, घरगुती हसू होतं ते. मला ते माझ्यावरचं वाटलं. कान तापले, आणि तोंडातून बाबांच्या गठ्ठ्यातलं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं. "इतकी वर्षं एकच मूर्तिकार आणि एकच आणणारा. कोणी प्रश्न विचारायचा नाही. काका, जिथे प्रश्न चालत नाहीत तिथे कोणाचे तरी हितसंबंध असतात."

हसू थांबलं. खजिनदारबाईंनी पदर सारखा केला. न्यू टाउनमधली एक-दोन तरुण मंडळी, जी काकांना नीटशी ओळखतही नव्हती, त्यांच्याकडे नव्याने बघू लागली. काका म्हणाले, "बरं. मग मागवा शाडूची." आणि बसले. मतदान झालं, पहिली मागणी मंजूर झाली. दुसरीला वेळ उरला नाही, ती पुढच्या बैठकीवर गेली. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "जिंकलो." बाबा म्हणाले, "शाब्बास."

मूर्ती ऑनलाइन मागवली. भुशाने भरलेल्या खोक्यातून ती आली, खोक्यावर 'शंभर टक्के शाडू' असा हिरवा शिक्का. सुबक होती. काका रोज आरतीला आले, मागे उभं राहून टाळ वाजवत राहिले. प्रसाद घेताना मला म्हणाले, "छान आहे हो मूर्ती." त्यात टोमणा शोधून मी दमले. नव्हताच.

विसर्जन आमच्या इमारतीच्या अंगणात ठेवलं होतं. माझीच कल्पना. मोठं प्लास्टिकचं पिंप, त्यात पाणी, वर झेंडूच्या पाकळ्या. मी छोटंसं भाषणही केलं: सकाळपर्यंत बाप्पाची माती होईल, आणि ती माती आपण सगळ्यांच्या कुंड्यांत घालू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी आई पाणी भरायला खाली गेली होती. वर येऊन दारातच म्हणाली, "अगं, बाप्पा बसलेत अजून."

"वेळ लागतो."

"शाडूला? तासाभरात लोण्यासारखी जाते शाडू. पाण्यात मुकुटसुद्धा तसाच आहे."

दुसऱ्या दिवशीही मुकुट तसाच होता. पीतांबराचा रंग थोडा सुटून पाण्यावर तवंगासारखा आला होता. सोंड, मोदक, उंदीर, सगळं धडधाकट. बाबांनी कुठूनसा सोडा आणून पिंपात घातला. बुडबुडे आले आणि गेले. मी काठीने ढकलून पाहायला गेले तर आई ओरडली, "काठी लावू नकोस! मूर्ती आहे ती!" तळमजल्याच्या बंगाली मावशी रोज सकाळी फुलं तोडायला येत. त्यांनी पिंपात डोकावून विचारलं, "की गो, तोमादेर ठाकुर गोलछे ना?" तुमचा देव विरघळत नाही का. त्या हसल्या नाहीत, खरंच काळजीने विचारत होत्या. मी त्यांना काहीतरी उत्तर दिलं, काय ते आठवत नाही.

मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'माती कधी मिळणार? कुंड्या तयार आहेत.' खाली हसरे चेहरे, नाचणारे उंदीर. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. पुन्हा उचलून बघितलं तर आणखी दोघांनी विचारलं होतं.  लोकांना जाब विचारत फिरणारी मी, ग्रुपवर गप्प बसून राहिले.

शेवटी बाबा आणि मी मूर्ती जुन्या चादरीत गुंडाळून टॅक्सीने घाटावर नेली. दुपारची वेळ. इथल्या कुठल्यातरी पूजेच्या मूर्ती तिथे पाण्यातून काढून ठेवल्या होत्या. त्यांची माती केव्हाच गेली होती, चेहऱ्यांच्या जागी नुसता पेंढा आणि सुतळी. मी बघत राहिले. काकांनी बैठकीत एका वाक्यात सांगितलं होतं ते हेच. आमचा प्लास्टरचा बाप्पा त्यांच्या शेजारी ठेवला. तो तेवढा शाबूत.

परत येताना बाबा म्हणाले, "निवेदन काढावं लागेल." संध्याकाळी आम्ही दोघं टेबलाशी बसलो. मी लिहिलं: 'मूर्ती शाडूची नव्हती. काका बरोबर होते, मी चूक होते.' बाबांनी चष्मा लावून वाचलं.

"असं नाही चालत. थेट चुकीवर यायचं नाही. आधी पर्यावरणाचा प्रश्न किती गंभीर आहे ते. मग विक्रेत्याने मंडळाची फसवणूक केली ते. मग 'अंमलबजावणीत काही त्रुटी राहिल्या'. भूमिका योग्यच होती हे लोकांच्या लक्षात राहिलं पाहिजे."

"आणि काका?"

"काकांबद्दल आदर व्यक्त कर. एक ओळ."

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज कळलं मला. हे घरात जे म्हणतात ना, 'अंमलबजावणीत त्रुटी राहिली', ती माफी असते होय!"

बाबा हसले, पण निवेदन त्यांच्याच पद्धतीने पूर्ण झालं. मीच पूर्ण केलं. चांगलं उतरलं होतं. वाचताना मला बरं वाटत होतं, आणि चूक कबूल करताना इतकं बरं वाटतंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तरी मला समजायला हवं होतं. ग्रुपवर टाकण्याआधी काकांना दाखवावं म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

दार काकूंनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा बदलला, पण "ये" म्हणाल्या. काका खुर्चीत रेडिओ खोलून बसले होते.

"चहा टाकते," काकू म्हणाल्या. "घेशील ना? का आमच्या चहातही हितसंबंध निघतील?"

"अगं," काका म्हणाले.

"अगं काय? मी नावं ठेवली का कोणाला? विचारलं फक्त."

मी कागद पुढे केला. काकांनी हात पुसून तो घेतला, सावकाश, दोन्ही बाजूंनी वाचला. एकदा मान हलवली. "भाषा चांगली आहे तुझी. पहिल्यापासूनच आहे."

"काका, विक्रेत्याने फसवलं. शिक्का होता खोक्यावर. कोणीही..."

"म्हणजे तू चुकली नाहीस. फसलीस."

"तसं नाही, पण..."

"नाही, तेही होतं. मीही फसलोय किती वेळा." त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. "टाक ग्रुपवर. माझी काही हरकत नाही. माती का प्लास्टर, तो वाद कुठे होता? बघितलं असतंस तर कळलं असतं, आता बघितलंस. संपलं."

"मग?"

काका रेडिओकडे वळले. उत्तर दिलं ते काकूंनी, स्वयंपाकघराच्या दारातून. "मग काय विचारतेस? न्यू टाउनच्या त्या पोराने यांना आरतीच्या आधी, सगळ्यांदेखत विचारलं, काका, त्या मूर्तीवाल्याकडून तुम्हाला काही सुटायचं का? हसत हसत. हेही हसले. घरी येऊन जेवले नाहीत."

मला आठवलं, मी त्या वेळी तिथे होते. पलीकडे रांगोळी भरत होते. ऐकलं होतं, आणि माझा काही संबंध नाही असं मला वाटलं होतं.

"तो शब्द तू कुठून आणलास गं?" काकांनी विचारलं. रागाने नाही. रेडिओतला एखादा सुटा भाग कुठून आला असं विचारावं तसं.

मी म्हणाले, "सवयीने आला." याहून खरं मला सांगता आलं नसतं, आणि याहून वाईटही. ज्या माणसाशी वाद आहे त्याचा काही ना काही स्वार्थ असणारच, हे मला लिहिता-वाचता येण्याआधीपासून ठाऊक होतं. कुणी माझ्याशी फक्त असहमत असू शकतो, त्याला फक्त वेगळं माहीत असू शकतं, ही शक्यता आमच्या घरच्या कागदांवर कधी छापलेलीच नव्हती. निवेदनात मी मातीबद्दल अडीच परिच्छेद लिहिले होते. त्या शब्दाबद्दल एक अक्षर नव्हतं. तो मी बोलले होते याची मला टोचणीसुद्धा नव्हती.

चहा प्यायले. निघताना काकूंनी माझ्या हातात डबा दिला नाही. एरवी त्या कोणालाही रिकामं पाठवत नाहीत.

निवेदन मी ग्रुपवर टाकलं नाही. कोजागिरीच्या आधीच्या बैठकीत उभी राहिले. हातात कागद नव्हता. त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते कळेना. "मूर्ती प्लास्टरची निघाली," मी म्हणाले. "काका म्हणत होते तेच बरोबर होतं. ते मी तपासलं नव्हतं. पण त्याहून मोठी चूक दुसरी आहे. मी हितसंबंध हा शब्द वापरला. त्याला काहीही आधार नव्हता. काकांबद्दल असं कोणीच कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, कारण तुम्ही माझ्या बोलण्यावर हसला होतात आणि मला हरायचं नव्हतं. तो शब्द खोटा होता. काका, माझं चुकलं."

मी पुढे काही बोलणार होते. पर्यावरणाचा प्रश्न तरीही गंभीर आहे, हे वाक्य अक्षरशः ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि बसले. आयुष्यात मी इतकं छोटं भाषण केलेलं नाही.

कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे गं, कोणी मनावर घेतलं नव्हतं." अध्यक्षबाई म्हणाल्या, "मोकळेपणाने बोललीस, छान वाटलं. आता दूध आटवायचं कोणाकडे?" काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, सभ्यपणे, आणि बाबा छताकडे बघत होते. मला वाटलं, आता पूर्वीसारखं होईल.

दुधाचं ठरल्यावर मागच्या बैठकीत राहिलेला विषय निघाला. माझी दुसरी मागणी. मूर्ती ठरवायला दोघांची समिती.

मी घाईने म्हणाले, "मी ती मागे घेते."

"का?" न्यू टाउनमधला तोच मुलगा म्हणाला. "पद्धत म्हणून चांगलीच आहे. एकाच माणसावर कशाला सोडायचं? तूच लिहिलंयस ना, पारदर्शकता?"

 तो बरोबर होता. एकाच माणसाच्या हातात काही असू नये हे मी आजही मानते. पण हा नियम मुळात का आला, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि तो मंजूर झाला की माझा मागे घेतलेला शब्द मंडळाच्या कामकाजात कायमचा राहणार होता, हेही.

"मताला टाका," काका म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हात वर केला. मग एकेक हात वर गेले. मी तत्त्व आठवलं, काकांचा वर गेलेला हात बघितला आणि माझाही हात वर केला. तो खाली ठेवला असता तर ते मी केवळ काकांना बरं वाटावं म्हणून केलं असतं, आणि तेही त्यांना कळलं असतं.

"मग समितीत कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं. सगळे काकांकडे बघू लागले. ते म्हणाले, "मला आता तेवढं चालवत नाही." तासाभरापूर्वीच त्यांनी कोजागिरीच्या दुधाचं मोठं रिकामं पातेलं तीन जिने चढून वर आणलं होतं.  शेवटी माझं नाव लागलं, आणि त्या मुलाचं.

खाली बससाठी थांबलो तेव्हा मी काकांना मूर्तिकाराचा पत्ता विचारला. त्यांनी नीट सांगितला, कुठल्या गल्लीने वळायचं, कुठे चिखल असतो. मग म्हणाले, "त्यांना मी सांगितलंय, या वर्षी माझी तब्येत बरी नव्हती म्हणून मंडळाने मूर्ती नेली नाही. आपल्या मूर्तीचा पेंढा बांधून झाला होता त्यांचा. तू गेलीस की तेच सांग."

"पण काका, ते खरं नाही."

"नाहीच."

"मी खरं सांगितलं तर? माझ्यामुळे झालं म्हणून?"

"मग ते विचारतील, का झालं. तू तो शब्द तिथेही नेशील. त्यांनाही मग समजेल की इतकी वर्षं आम्हा दोघांबद्दल असं काही बोलता येत होतं." बस आली. त्यांनी काकूंना आधी चढवलं. "तुझं तू बघ," म्हणाले आणि चढले.

मधल्या वर्षी मंडळाने सभागृहाच्या अडचणीमुळे उत्सव एका घरात, छोट्या धातूच्या मूर्तीवर केला आणि माझं जाणं टळलं. या वर्षी टळणार नाही. रथयात्रा जवळ आली आहे. त्या मुलाने दोनदा फोन करून विचारलं, कधी जायचं. मी मनात दोन्ही वाक्यं म्हणून बघते. एक खरं आहे आणि ते म्हटलं की माझं ओझं उतरेल. दुसरं खोटं आहे, आणि काकांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट आहे. मी त्याला शनिवारी जाऊ म्हणून सांगितलंय.